क्लास, ऑब्जेक्ट आणि वाचनालयाचे दफ्तर

संगणकशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांकडून जी पत्रे येतात, त्यांतील शब्द निरनिराळे असले तरी अडचण बहुधा एकच असते. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमधील एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम या चार तत्त्वांच्या व्याख्या मुखोद्गत असतात, तोंडी परीक्षेत त्या बिनचूक सांगताही येतात. परंतु ‘एका वाचनालयासाठी प्रोग्राम लिहा’ एवढी साधी आज्ञा मिळताच पहिली ओळ कोणती लिहावी हे उमगत नाही, आणि अखेर सगळा मजकूर एका अवाढव्य ‘मेन’मध्ये कोंबून त्याच्याभोवती नावापुरता एक क्लास गुंडाळला जातो. विद्यार्थ्यांच्या बुद्धीला यात दोष देण्याचे कारण नाही. ज्या क्रमाने हा विषय सामान्यतः शिकविला जातो तो क्रमच उलटा आहे, असे माझे मत आहे. कोणती माहिती कोणाच्या ताब्यात असावी आणि तीत फेरफार करण्याची मुभा कोणाला असावी, या कारभाराच्या प्रश्नापासून आरंभ केला तर चारही तत्त्वे ज्या त्या ठिकाणी आपोआप उपयोगी पडतात. व्याख्यांपासून केला तर ती वहीतच राहतात.

पुढील सर्व विवेचन एकाच उदाहरणाच्या आधारे करतो : तालुक्याच्या गावचे सार्वजनिक वाचनालय, त्याचे सभासद, त्यांची वर्गणी व अनामत, ग्रंथ, दिवाळी अंक, देवघेव, मुदत आणि विलंबाचा दंड. सूचना जावा भाषेस धरून आहेत. पायथन अथवा सी-प्लस-प्लस जेथे वेगळी वागते तेथे तसे सांगितले आहे.

क्लास आणि ऑब्जेक्ट यांतील भेद

वाचनालयात सभासदत्वाचा छापील कोरा अर्ज असतो. त्यात नाव, पत्ता, अनामत असे रकाने असतात, पण कोणाचाही तपशील नसतो. तो क्लास. तोच अर्ज एखाद्या गृहस्थाने भरून दिला आणि त्यावर क्रमांक पडला की तो ऑब्जेक्ट. एकाच नमुन्यावरून हजार अर्ज भरले गेले तरी ज्याची अनामत त्याच्यापाशी राहते. हा दृष्टान्त येथवर चालतो, याच्या पुढे चालत नाही, कारण भरलेला अर्ज स्वतः काही करीत नाही आणि ऑब्जेक्ट करतो. आपल्यापाशी असलेल्या माहितीवर चालणाऱ्या क्रिया, म्हणजेच मेथड, त्याच्यासोबत असतात. ‘या सभासदास आणखी एक पुस्तक देता येईल काय?’ हा प्रश्न बाहेरच्या कोणी त्याच्या रकान्यांत डोकावून सोडवावयाचा नसतो. तो खुद्द त्या सभासद-ऑब्जेक्टलाच विचारावयाचा असतो.

ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी नॉर्वेत ऑस्लो येथे सिम्युला ६७ ही भाषा रचली ती संगणकावर प्रत्यक्ष व्यवहारांची नक्कल चालविता यावी म्हणून, आणि प्रत्येक वस्तूस तिची स्थिती व तिचे वर्तन एकत्र देण्याची कल्पना त्या गरजेतून आली. इतिहास तूर्त एवढाच पुरे.

आरंभ कागदावर करा

संगणक सुरू करण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा :

१. वाचनालयात काय काय घडते ते साध्या वाक्यांत लिहून काढा. ‘सभासद ग्रंथ नेतो. मुदत टळली तर दंड भरतो. ग्रंथ बाहेर गेला असल्यास मागणी नोंदवितो.’

२. त्यांतील नामे अधोरेखित करा आणि प्रत्येक नामास तीन प्रश्न विचारा : याची स्वतःची माहिती आहे काय? ती काळानुसार बदलते काय? अशा वस्तू एकाहून अधिक आहेत काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली तर क्लास करण्यास हरकत नाही. ‘पत्ता’, ‘मुदत’, ‘दंड’ यांसारखी नामे बहुधा येथेच गळतात. त्यांना दुसऱ्या कोणाच्या क्लासातील एक रकाना अथवा एक मेथड पुरते.

३. मग क्रियापदे घ्या आणि प्रत्येक क्रियेची जबाबदारी कोणावर ते ठरवा. ज्याच्यापाशी माहिती, त्याच्याकडे क्रिया, हा ढोबळ नियम.

४. जी गोष्ट दुसऱ्या माहितीवरून काढता येते, ती साठवू नका. दंड हा परतीची तारीख आणि आजची तारीख यांवरून निघतो. तो रकान्यात लिहून ठेवला तर मध्यरात्र उलटताच खोटा ठरतो.

दुसऱ्या पायरीवर नवशिक्यांची जी एक चूक हमखास होते ती येथे सविस्तर पाहणे इष्ट आहे. ‘ग्रंथ’ नावाचा क्लास केला जातो, त्यात शीर्षक, लेखक, किंमत आणि ‘उपलब्ध आहे काय’ असे रकाने ठेवले जातात, आणि प्रोग्राम पहिल्या दिवशी उत्तम चालतो. पण एखाद्या लोकप्रिय कादंबरीच्या वाचनालयात तीन प्रती असतात. पहिल्या वाचकाने एक प्रत नेताच ‘उपलब्ध’ हा रकाना नकारार्थी होतो आणि कपाटात दोन प्रती उभ्या असताना दुसऱ्या वाचकास ‘ग्रंथ बाहेर गेला आहे’ असे उत्तर मिळते. यावर विद्यार्थी शीर्षक, लेखक, किंमत यांची पुनरुक्ती करून तीन ग्रंथ-ऑब्जेक्ट बनवितो. मग लेखकाच्या नावातील शुद्धलेखनाची चूक तीन ठिकाणी दुरुस्त करावी लागते आणि एक ठिकाण राहून जाते.

वाचनालयाच्या लेखनिकाने हा प्रश्न केव्हाच सोडविलेला आहे : दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो तो प्रतीस. म्हणून क्लास दोन हवेत. ‘ग्रंथ’ या क्लासात शीर्षक व लेखक. ‘प्रत’ या क्लासात दाखल क्रमांक, सध्या कोणाकडे आहे, परतीची तारीख, आणि आपण कोणत्या ग्रंथाची प्रत आहोत याचा निर्देश. एवढे केले की ‘किती प्रती शिल्लक?’ या प्रश्नाचे उत्तर प्रती मोजून मिळते. कोणत्याही विषयावर प्रोग्राम लिहिताना, त्या विषयाचे कागदी दफ्तर जो सांभाळतो त्याच्या वह्या आधी पाहाव्यात. पुष्कळसे क्लास तेथे रकान्यांसह आखलेले सापडतात.

प्रायव्हेट आणि पब्लिक : अधिकारांची वाटणी

रकाने प्रायव्हेट ठेवावेत हे आपणांस शिकविलेले असते आणि आपण ते पाळताही. परंतु लगेच पुढच्या क्षणी एडिटरमधील एक बटण दाबून प्रत्येक रकान्यासाठी गेटर आणि सेटर तयार करून घेता. असे केल्याने दाराला कुलूप लावून किल्ली दारावरच टांगल्यासारखे होते. अनामतीच्या रकान्यास सेटर असेल तर प्रोग्रामच्या कोणत्याही कोपऱ्यातून कोणीही ती उणे पाचशे करू शकतो, आणि असे कोठे घडले याचा छडा लावताना रात्र जाते.

- सेटरऐवजी व्यवहाराच्या नावाची मेथड द्या : ‘अनामत भरा’, ‘अनामत परत करा’. रक्कम शून्याहून अधिक आहे काय, सभासदाकडे पुस्तक बाकी आहे काय, ही तपासणी त्या मेथडच्या आत, एकाच ठिकाणी होते.
- सभासदाने नेलेल्या प्रतींची यादी गेटरमधून जशीच्या तशी बाहेर देऊ नका. ज्याच्या हाती ती यादी पडते तो ती रिकामी करू शकतो, आणि रकाना प्रायव्हेट असूनही काही उपयोग होत नाही. यादीची प्रत द्यावी. जावाच्या दहाव्या आवृत्तीपासून ‘लिस्ट’मध्ये ‘कॉपी-ऑफ’ ही सोय आहे, आणि तिने मिळालेल्या यादीत फेरफार करता येत नाही.
- पायथनमध्ये असा सक्तीचा मज्जाव नाही. नावाच्या आरंभी एक अधोरेखा म्हणजे ‘हे आतले आहे, हात लावू नये’ असा संकेत, आणि दोन अधोरेखा दिल्यास भाषा आतल्या आत नाव बदलते इतकेच. संकेत पाळण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते.
- सी-प्लस-प्लसमध्ये ‘क्लास’ लिहिल्यास आतील रकाने व मेथड मुळातच प्रायव्हेट धरले जातात, ‘स्ट्रक्ट’ लिहिल्यास पब्लिक.

कन्स्ट्रक्टरमधील खाचखळगे

कन्स्ट्रक्टरचे काम एकच : ऑब्जेक्ट जन्मास येताच तो वापरण्यायोग्य असावा. नाव नसलेला सभासद किंवा दाखल क्रमांक नसलेली प्रत अस्तित्वात येऊच नये, ही तजवीज येथे करावयाची. यात तीन चुका वरचेवर होतात आणि त्यांपैकी पहिल्या दोन कंपायलर मुकाट्याने चालवून घेतो, म्हणून त्या अधिक घातक.

- कन्स्ट्रक्टरच्या आधी सवयीने ‘व्हॉइड’ लिहिले जाते. जावाच्या दृष्टीने मग तो कन्स्ट्रक्टर राहत नाही, क्लासच्या नावाची एक सामान्य मेथड होते. ती कोणी बोलावीत नाही आणि सारे रकाने रिकामे राहतात.
- आलेल्या मूल्याचे आणि रकान्याचे नाव एकच असता ‘धिस’ लिहावयाचे राहते. ‘नाव बरोबर नाव’ या ओळीत आलेले मूल्य स्वतःलाच दिले जाते, रकान्यास काही मिळत नाही.
- आपण मूल्ये घेणारा कन्स्ट्रक्टर लिहिला की भाषेने फुकट दिलेला रिकामा कन्स्ट्रक्टर नाहीसा होतो. काल चालणारी ‘न्यू’ची ओळ आज का अडली, असा प्रश्न पडल्यास प्रथम येथे पाहावे.

समाईक रकाने

जावात ‘स्टॅटिक’ लिहिलेला रकाना क्लासचा असतो, एकेका ऑब्जेक्टचा नव्हे. पुढील सभासद क्रमांक कोणता हे सांगणारा आकडा स्टॅटिक असणे रास्त आहे. नेलेल्या प्रतींची यादी तशी असणे म्हणजे एकाने नेलेले पुस्तक सर्वांच्या नावावर चढविणे होय. जावात ही चूक करण्यास निदान एक शब्द लिहावा लागतो. पायथनमध्ये मात्र क्लासच्या अंगात थेट रिकामी यादी लिहिली तर ती आपोआप सर्वांची समाईक होते, म्हणून प्रत्येकाची स्वतंत्र यादी हवी असल्यास ती ‘इनिट’ मेथडमध्ये ‘सेल्फ’च्या नावे निर्माण करावी.

दोन नावे, एक ऑब्जेक्ट

जावात व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसतो, त्याचा पत्ता असतो. ‘पहिला’ या व्हेरिएबलमधील मूल्य ‘दुसरा’ यास दिल्याने नवा सभासद निर्माण होत नाही. एकाच सभासदास दोन नावांनी हाक मारता येते, आणि ‘दुसरा’चा दूरध्वनी बदलला की ‘पहिला’चाही बदललेला दिसतो. शंका आल्यास कागदावर चौकटी व बाण काढावेत आणि सभासदासाठी ‘न्यू’ प्रत्यक्ष किती वेळा चालले ते मोजावे. सभासदांच्या चौकटी त्याहून अधिक असू शकत नाहीत.

बरोबरीचा घोटाळा यातूनच उद्भवतो. दुहेरी बरोबर चिन्ह हे दोन पत्ते एकच आहेत काय एवढेच पाहते. आतील मजकूर समान आहे काय हे पाहण्यासाठी ‘इक्वल्स’ मेथड आहे. याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. सभासद क्रमांक ‘इंटिजर’ या प्रकारात, समजा एखाद्या यादीत, ठेवले आणि त्यांची तुलना दुहेरी चिन्हाने केली, तर वाचनालयाचे पहिले १२७ सभासद येईपर्यंत प्रोग्राम निर्दोष चालतो आणि १२८व्या सभासदापासून ‘असा सभासद नाही’ असे सांगू लागतो. कारण असे की उणे १२८ ते १२७ या आकड्यांचे ऑब्जेक्ट जावा आधीच करून ठेवते व तेच पुनःपुन्हा देते. त्यापुढील आकड्यांसाठी सामान्यतः दर वेळी नवा ऑब्जेक्ट होतो आणि पत्ते जुळत नाहीत. पाच-दहा नावे घालून केलेल्या चाचणीत ही चूक कधीही उघडकीस येत नाही. पायथनमध्ये चिन्हांचा अर्थ वेगळा आहे : तेथे दुहेरी चिन्ह मजकूर पाहते आणि पत्ता पाहण्यासाठी ‘इज’ हा शब्द आहे.

इनहेरिटन्सचा मोह

ज्या प्रकरणाने विद्यार्थी सर्वाधिक भारावतात आणि ज्याने त्यांचे प्रोग्राम सर्वाधिक बिघडतात, ते हेच. पाठ्यपुस्तकात प्राणी, त्याखाली कुत्रा व मांजर अशी वंशावळ काढलेली असते, म्हणून विद्यार्थी वाचनालयातही ‘सभासद’ हा मूळ क्लास आणि त्याखाली ‘विद्यार्थी सभासद’, ‘सामान्य सभासद’, ‘आजीव सभासद’ असे उपक्लास मांडतो. चित्र देखणे दिसते. मग एके दिवशी एक विद्यार्थी सभासद पदवीधर होऊन आजीव वर्गणी भरतो. जावात अथवा सी-प्लस-प्लसमध्ये एकदा निर्माण झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलत नाही. म्हणजे नवा ऑब्जेक्ट करून नाव, पत्ता, अनामत, नेलेल्या प्रती हे सर्व त्यात उतरवावे लागते, आणि तरीही ज्या ज्या प्रतीपाशी ‘सध्या कोणाकडे’ म्हणून जुन्या ऑब्जेक्टचा पत्ता आहे ती ती प्रत आता अस्तित्वात नसलेल्या माणसाकडे असल्याचे दाखविते.

ही वंशावळ मोडा. सभासद हा एकच क्लास ठेवून त्यात ‘सभासदत्वाचा प्रकार’ असा रकाना द्या आणि त्या रकान्यात किती पुस्तके, किती दिवस, किती वर्गणी हे सांगणारा वेगळा ऑब्जेक्ट ठेवा. प्रकार बदलला की रकान्यातील ऑब्जेक्ट बदलावयाचा, सभासद तोच. यास कॉम्पोझिशन म्हणतात, आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथाच्या चार लेखकांनीही इनहेरिटन्सपेक्षा यालाच प्राधान्य देण्याची शिफारस केली होती.

दुसरा दाखला संदर्भग्रंथांचा. शब्दकोश घरी नेता येत नाही, म्हणून ‘संदर्भप्रत’ हा ‘प्रत’चा उपक्लास करून त्यातील ‘द्या’ ही मेथड बोलावताच चूक फेकावी, अशी युक्ती सुचते. पण ज्याने ‘प्रत’ समजून ती यादीतून उचलली त्याच्या पदरी अनपेक्षित चूक येते. मूळ क्लासचा ऑब्जेक्ट जेथे चालतो तेथे उपक्लासचाही कोणास न फसविता चालला पाहिजे, हा बार्बारा लिस्कोव्ह यांनी १९८७ साली मांडलेला दंडक येथे मोडतो. उपाय साधा आहे : ‘घरी नेता येते काय?’ ही मेथड मूळ ‘प्रत’ क्लासातच ठेवावी, म्हणजे नकाराची शक्यता प्रथमपासून कराराचाच भाग होते.

उपक्लास करण्यापूर्वी एवढे पाहावे :

- ‘हा त्याचाच एक प्रकार आहे’ हे विधान त्या ऑब्जेक्टच्या सबंध आयुष्यात खरे राहील काय?
- वागणूक भिन्न आहे की केवळ आकडा? ग्रंथास पंधरा दिवस आणि दिवाळी अंकास पाच, एवढाच फरक असेल तर रकाना पुरे.
- मूळ क्लासातील एखादी मेथड निकामी करावी लागते काय? लागत असेल तर नाते चुकले आहे.

पॉलिमॉर्फिझम केव्हा कामास येतो

समजा वाचनालयाचा नियम असा आहे की ग्रंथाचा दंड दिवसागणिक सरळ वाढतो, पण दिवाळी अंकासाठी दुसऱ्या कोणी मागणी नोंदविली असेल तर त्या दिवसापासून तो दुप्पट होतो. येथे वागणूकच वेगळी झाली, म्हणून दोन उपक्लास आणि प्रत्येकाची आपापली ‘दंड’ मेथड योग्य ठरते. दंड गोळा करणारा भाग यादीतील प्रत्येकास फक्त ‘तुझा दंड किती?’ एवढे विचारतो. ‘ग्रंथ असेल तर, अंक असेल तर’ ही शिडी त्यास लिहावी लागत नाही, आणि पुढे ध्वनिफिती आल्या तरी त्या भागास हात लावावा लागत नाही. तीच शिडी प्रोग्रामात दुसऱ्यांदा लिहावी लागली की पॉलिमॉर्फिझमची वेळ आली असे समजावे. एकदाच असेल तर ती शिडी राहू द्यावी.

जावात उपक्लासमधील अशा प्रत्येक मेथडवर ‘ॲट-ओव्हरराइड’ ही खूण न चुकता लिहा. नावात एका अक्षराची चूक झाली तर कंपायलर तेथेच अडवील, नाहीतर मूळ मेथड चालत राहील आणि आपण आपल्या मेथडमध्ये दोष शोधीत बसाल. सी-प्लस-प्लसमध्ये मूळ क्लासातील मेथडवर ‘व्हर्च्युअल’ नसेल तर मूळ क्लासच्या पॉइंटरमधून उपक्लासची मेथड बोलाविली जातच नाही.

भाषा, साधने आणि आपले हक्क

पहिली भाषा कोणती, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. अभ्यासक्रमात जी असेल ती. निवड आपल्या हाती असेल तर कल्पना पडताळण्यास पायथन, शिस्तीसाठी जावा. महागड्या किंवा चोरीच्या सॉफ्टवेअरची गरज कोठेही नाही : ओपन-जेडीके, पायथन आणि जीसीसी ही तिन्ही मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात व ती घरच्या संगणकावर बसविण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे. जावा आणि पायथन ३ या दोन्हींत क्लास व रकान्यांची नावे देवनागरीतही चालतात. पहिला मसुदा ‘सभासद’, ‘प्रत’ अशा नावांनी लिहिण्यास हरकत नाही, मात्र परीक्षेपूर्वी विभागाची वहिवाट विचारून घ्यावी.

सी-प्लस-प्लस शिकणाऱ्यांनी एक चौकशी अवश्य करावी. या भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरले आणि काही प्रयोगशाळांतून अद्याप वापरात असलेला टर्बो सी-प्लस-प्लस त्याच्या आधीचा आहे. त्यावर चालणारा प्रोग्राम आजचा कंपायलर बहुधा नाकारतो, आणि उलटही घडते. प्रात्यक्षिक परीक्षा कोणत्या कंपायलरवर होणार हे सत्रारंभीच विचारण्याचा आपणांस अधिकार आहे, आणि तो संकोच न करता बजावावा.

चूक आली तर, आणि तोंडी परीक्षेत

‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ म्हणजे ज्या व्हेरिएबलमध्ये कोणाचाच पत्ता नाही त्यास आपण काम सांगितले. खाली आलेल्या लांबलचक यादीस भिऊ नये. वरून खाली येत आपण स्वतः लिहिलेल्या फाइलचे नाव प्रथम जेथे दिसते ती ओळ व तो क्रमांक पाहावा. जावाच्या १५व्या आवृत्तीपासून कोणते व्हेरिएबल रिकामे होते तेही संदेशातच सांगितलेले असते, तरी पुष्कळ विद्यार्थी तो पूर्ण न वाचताच बदल करू लागतात. कारण बहुधा वर सांगितलेल्या कन्स्ट्रक्टरच्या चुकांपैकीच एक निघते.

तोंडी परीक्षेत ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंग यांतील फरक जवळजवळ ठरलेला असतो. एकाच क्लासात ‘शोधा’ या नावाच्या दोन मेथड, एक शीर्षक घेणारी व दुसरी दाखल क्रमांक घेणारी, हे ओव्हरलोडिंग, आणि कोणती चालवावयाची ते कंपायलर ठरवितो; दिवाळी अंकाने ‘दंड’ मेथड आपल्या परीने पुन्हा लिहिणे हे ओव्हररायडिंग, आणि तेथे निवड प्रोग्राम चालू असताना प्रत्यक्ष ऑब्जेक्ट पाहून होते. उत्तर देताना जर्नलमधील स्वतःचाच प्रोग्राम उघडून त्या दोन ओळींवर बोट ठेवावे. पुढचा प्रश्न त्याच पानावरचा येतो, आणि ते पान आपण लिहिलेले असते.